गाडीलाच विचारायला हवं होतं

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत विजेची मागाल ती वस्तू मिळते. पंखे, दिव्यांच्या माळा, केबल, स्विच, स्पीकर, चार्जर. पासोड्या विठोबाच्या बाजूला गेलं की सर्किटचे सुटे भाग आणि सोल्डरिंगचं सामान. इंजिनिअरिंगची मुलं प्रोजेक्टच्या याद्या घेऊन इथेच येतात. पण या बाजारात जाणाऱ्याला एक गोष्ट घरूनच पक्की करून जावी लागते: आपल्याला नेमकं काय हवंय, आणि ते आपल्याकडे आधीच आहे का. मी ते पक्कं केलं नाही. आमच्या जुन्या गाडीत कारखान्यातूनच बसवून आलेलं ब्लूटूथ होतं, आणि मी बाहेरून ब्लूटूथ विकत आणलं. पुढे तर ते विकतचं बसवण्यासाठी गाडीतलं मूळचं उखडायला मीच संमती दिली. जुनी गाडी घेणारे पुष्कळजण या वाटेने जातात, म्हणून माझ्याकडून काय काय चुकलं ते क्रमाने सांगते.

गाडी फियाटची लिनिया, 2010 सालची, डिझेल. माझ्या मामांनी ती नवी घेतली होती. गुडघ्यांमुळे त्यांचं गाडी चालवणं बंद झालं तेव्हा ती मी त्यांच्याकडून घेतली. लिनिया भारतात 2009 च्या सुरुवातीला आली. ती आपल्या पुणे जिल्ह्यातच, रांजणगावच्या कारखान्यात तयार व्हायची. 2017 पासून त्याच रांजणगावातून जीप कंपास बाहेर पडू लागली आणि पुढे फियाटने आपल्याकडे गाड्या विकणं थांबवलं. म्हणजे मी गाडी घेतली तेव्हा शोरूममध्ये जाऊन ‘या मॉडेलमध्ये काय काय येतं हो?’ असं विचारायची सोय राहिली नव्हती. पण विचारण्याच्या इतर जागा होत्या, आणि त्यांतल्या सगळ्यात जवळच्या जागेकडे माझं लक्ष गेलं नाही.

मला ब्लूटूथ हवं होतं ते आईसाठी. आई वाईला असते. तिच्याजवळ दिवसभर एक मुलगी असते, आणि आईचं काही दुखलं-खुपलं, गोळ्या संपल्या, डॉक्टरांनी काही विचारलं की ती मला फोन करते. शनिवारी-रविवारी मी वाईच्या रस्त्यावर असायची. कात्रज सोडलं की फोन वाजणार हे ठरलेलं. ट्रकांच्या रांगेत गाडी कडेला घेता येत नाही, आणि आईकडचा फोन न उचलता राहवतही नाही. मी एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातात फोन धरून बोलले आहे, खंबाटकी घाटातसुद्धा. हे चुकीचं होतं, आणि याचं समर्थन मी करणार नाही. यातून सुटायचं म्हणून गाडीतूनच बोलता येईल अशी काहीतरी सोय हवी होती.

पहिली चूक मी विचारण्यात केली. मामांना फोन करून म्हटलं, “मामा, तुमच्या गाडीत ब्लूटूथ आहे का हो?” मामा म्हणाले, “नाही गं, तसलं काही नाही त्यात. रेडिओ आहे, सीडी आहे.” मामा दहा वर्षं ती गाडी चालवत होते, म्हणून त्यांचा शब्द मला पुराव्यासारखा वाटला. पण मामांकडे बरीच वर्षं साधा बटनांचा फोन होता आणि गाडीत ते फोनवर बोलतच नसत. जी सोय त्यांना कधी लागलीच नाही, ती गाडीत आहे की नाही हे त्यांना कुठून ठाऊक असणार? गाडीत काय आहे असं मी विचारलं होतं, आणि त्यांनी आपण काय वापरलं ते सांगितलं. त्यात मी माझा अंदाज मिसळला: 2010 ची गाडी, तेव्हा कुठलं आलंय ब्लूटूथ!

हा अंदाज किती कच्चा होता हे नंतर कळलं. ब्लूटूथसाठी एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा या कंपन्या 1998 मध्ये एकत्र आल्या होत्या. 2010 पर्यंत आपल्याकडच्या मध्यम किमतीच्या काही गाड्यांतही ते आलं होतं. त्याच साली, त्याच नावाच्या दोन गाड्या कारखान्यातून निघायच्या आणि एकीत ब्लूटूथ असायचं, दुसरीत नसायचं. फरक व्हेरिएंटचा. लिनियाचे अ‍ॅक्टिव्ह, डायनॅमिक, इमोशन असे प्रकार होते, आणि वरच्या इमोशनमध्ये ‘ब्लू अँड मी’ नावाची, मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरवर चालणारी हँड्स-फ्री सिस्टीम यायची. मामांची गाडी इमोशनच होती. माझ्याकडच्या आरसीवर मॉडेलच्या नावापुढे ते छापलेलंही होतं. विमा काढताना तो शब्द मी स्वतःच्या हाताने फॉर्मवर लिहिला आणि तो नुसता नावाचा भाग समजून पुढे गेले.

दुसरी चूक तपासण्यात. तपासलंच नाही असं नाही. गाडी चालू करून फोनचं ब्लूटूथ लावलं आणि यादी पाहिली. शेजारच्या फ्लॅटमधला टीव्ही दिसला, कुणाचे तरी इअरफोन दिसले, गाडी दिसली नाही. माझ्या मनात विषय तिथे संपला. वास्तविक, त्या काळातल्या बऱ्याच सिस्टीम आपणहून फोनला दिसत नाहीत. गाडीच्या मेन्यूत जाऊन जोडणी सुरू करावी लागते; तेवढ्या वेळापुरतीच ती फोनच्या यादीत येते. काही गाड्यांत तर उलटं असतं: गाडी फोनला शोधते, आणि त्यासाठी फोनची ब्लूटूथची स्क्रीन उघडी ठेवावी लागते, नाहीतर फोनच तिला दिसत नाही. फोनच्या यादीत गाडी नसणं याचा अर्थ इतकाच की गाडी त्या क्षणी हाक मारत नव्हती. मी त्याचा अर्थ घेतला की गाडीत काही नाहीच.

खरं तर उत्तर माझ्या अंगठ्याखाली होतं. लिनियाच्या स्टिअरिंगवर आवाज कमी-जास्त करायची बटनं आहेत, आणि त्यांच्यातच एका बटनावर विंडोजची ती चौकटीची खूण आहे. आवाजाची बटनं मी रोज वापरत होते. खुणेचं बटन एकदा सिग्नलला चुकून दाबलं गेलं, समोरच्या मीटरमधल्या छोट्या पडद्यावर एक मेन्यू उघडला, आणि सिग्नल सुटला म्हणून मी तो बंद केला. तो मेन्यू कशाचा हे पाहायला मी नंतरही थांबले नाही.

अशी तयारी करून मी तपकीर गल्लीत गेले. गाडी दूर लावून पायीच. दुकानातल्या माणसाने योग्य प्रश्न विचारला, “ताई, गाडी कुठली? मॉडेल कितीचं?” मी म्हटलं, लिनिया, 2010. टॉप मॉडेल आहे हे सांगायचं मला सुचलं नाही. त्याने आतून एक एफएम ट्रान्समीटर काढून दाखवला. हे यंत्र लायटरच्या सॉकेटमध्ये बसतं, फोनशी ब्लूटूथने जोडलं जातं आणि फोनमधला आवाज एखाद्या रिकाम्या एफएम फ्रिक्वेन्सीवर अगदी जवळच्या जवळ सोडतं. गाडीचा रेडिओ त्याच आकड्यावर लावला की आवाज गाडीच्या स्पीकरमधून येतो. त्याने दुकानातल्या रेडिओवर गाणं लावून दाखवलं. गाणं छान वाजलं आणि मी पैसे दिले.

फोन कसा लागतो हे मी तिथे पाहिलंच नाही, ही तिसरी चूक. गरज होती बोलण्याची, आणि मी पारख केली गाण्याची. रस्त्यावर लगेच फरक कळला. पुण्यात एफएमची जागा आधीच भरलेली आहे, 91.1 वर रेडिओ सिटी, 98.3 वर मिर्ची, 101 वर विविध भारती, आणि मध्येही स्टेशनं आहेत. रिकामा आकडा शोधून ठेवला तरी थोडं पुढे गेलं की त्यावर खरखर यायची आणि चालत्या गाडीत तो बदलत बसावा लागायचा. त्याहून वाईट म्हणजे यंत्राचा माईक त्या यंत्रातच, खाली गिअरजवळ. डिझेल इंजिनाच्या आणि टायरांच्या आवाजात माझं बोलणं पलीकडे पोहोचायचंच नाही. आई म्हणायची, “तू कुठल्या गिरणीत उभी आहेस?” मी ओरडून बोलायची, ती घाबरायची. शेवटी फोन पुन्हा हातात आला.

चौथी चूक सगळ्यात मोठी, कारण ती सहज मागे घेता येण्यासारखी नव्हती. ‘जुन्या गाडीत नवी अँड्रॉइड सिस्टीम बसवून टाक, सगळे प्रश्न सुटतील,’ असं ओळखीच्यांनी सांगितलं आणि मला ते पटलं. गाड्यांचं सामान बसवणाऱ्या एका दुकानात गेले. मोठा टचस्क्रीन, वर वेगळा माईक. कारागिराने डॅशबोर्डमधून जुना रेडिओ बाहेर काढला, मागचे कपलर, म्हणजे वायरी जोडणारे प्लग, पाहिले आणि मला बोलावून सरळ सांगितलं, “मॅडम, या गाडीचं तयार कपलर आत्ता आपल्याकडे नाही. कपलर टू कपलर नाही होणार. वायर कट करून जोडावी लागेल. चालेल का?”

त्याने विचारलं होतं. मला थांबता आलं असतं. तयार कपलर मागवता आलं असतं, एक आठवडा वाट पाहता आली असती. मी म्हटलं, “चालेल, करा.”

संध्याकाळी गाडी घेऊन निघाले. पडदा झगझगीत होता आणि गाणी वाजत होती, पण स्टिअरिंगवरची बटनं मुकी झाली होती. आवाज कमी करायलाही आता रस्त्यावरची नजर काढून पडद्याला हात लावावा लागे. ज्या धोक्यातून बाहेर पडायला निघाले होते, त्याचाच एक नवा प्रकार मी विकत घेतला होता. फोन येई तेव्हा पडद्यावर हिरवा गोल कुठे आहे हे शोधावं लागे. रात्री त्या पडद्याचा उजेड डोळ्यांवर येई.

खरी गोष्ट कळली ती कागद शोधताना. जुन्या विम्याचे कागद हवे होते, म्हणून मामांनी गाडीची फाइल दिली. त्यात सर्व्हिसच्या पावत्यांखाली गाडीचं मॅन्युअल होतं आणि त्याच्याबरोबर एक वेगळी पातळ पुस्तिका: ब्लू अँड मी. मुखपृष्ठावर तेच स्टिअरिंग, तीच बटनं. मामांच्या घरी जमिनीवर बसूनच मी ती वाचली. फोन कसा जोडायचा, कॉल कसा घ्यायचा, कसा ठेवायचा, आवाजी आज्ञा कशा द्यायच्या. मला जे जे हवं होतं, ते सगळं त्या गाडीत पहिल्या दिवसापासून होतं. माईकसुद्धा वर दिव्याजवळ, बोलणाऱ्याच्या तोंडाच्या समोर. फक्त ती सिस्टीम ज्या रेडिओतून बोलायची, तो मी तोडून काढला होता. मला त्या दिवशी मनापासून वाईट वाटलं. पैसे गेल्याचं होतंच, पण जास्त वाईट याचं वाटलं की ज्या माणसांनी रांजणगावात ती वायरिंग नीट बांधून दिली होती, त्यांचं काम मी न पाहता कापायला लावलं.

सुदैवाने कारागिराने जुना रेडिओ आणि कापलेले कपलर एका पिशवीत घालून माझ्याजवळ दिले होते, आणि मी ते टाकले नव्हते. आमच्या भागातला एक वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियन ते काम करायला तयार झाला. त्याने मला यादी दिली: सोल्डरची तार, फ्लक्स, गरम केल्यावर आवळून बसणारी स्लीव्ह तीन मापांची. मी पुन्हा तपकीर गल्लीत गेले. या वेळी काय हवंय ते माहीत होतं. काम पटकन झालं आणि पैसेही किरकोळ लागले. त्याने प्रत्येक वायर रंग बघून, मीटर लावून, एकेक जोडली. वायरी नुसत्या पिळून टेप गुंडाळण्याऐवजी प्रत्येक जोडावर सोल्डर घेतलं आणि वर स्लीव्ह चढवली. “असं जोडलं की खड्ड्यांनी सुटत नाही,” तो म्हणाला. त्याच्या हाताखाली ते काम होताना मी पूर्ण वेळ उभी राहिले.

मग जोडणी. इंजिन बंद, किल्ली ‘मार’ या खुणेपर्यंत फिरवलेली. विंडोजच्या खुणेचं बटन दाबलं. मीटरच्या पडद्यावर मेन्यू आला. बाणांनी खाली सेटिंग्जपर्यंत, तिथून जोडणीच्या ओळीवर. गाडी इंग्रजीत बोलू लागली आणि पडद्यावर पिनचे आकडे उमटले. आता फोनवर शोध घेतल्यावर यादीत ‘ब्लू अँड मी’ हे नाव आलं. आकडे टाकले, जोडणी झाली. गाडीतून पहिला फोन मी वाईला लावला. आई म्हणाली, “आज शेजारी बसून बोलल्यासारखा आवाज येतोय.”

गाणी मात्र फोनवरून वाजत नाहीत, आणि हा बिघाड नाही. ‘गाडीत ब्लूटूथ आहे का?’ या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. बोलण्यासाठी ब्लूटूथची एक वेगळी पद्धत असते, तिला हँड्स-फ्री प्रोफाइल म्हणतात. स्टिरिओ गाण्यांसाठी दुसरी असते, ए-टू-डी-पी. एक असली की दुसरी असतेच असं नाही, आणि त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत फक्त पहिलीच यायची. माझ्या गाडीत गाण्यांसाठी यूएसबीचं सॉकेट आहे. पेन ड्राइव्हवरून आईची आवडती नाट्यगीतं उत्तम वाजतात. गाडी घेताना किंवा तपासताना हे दोन प्रश्न वेगळे विचारले तर निम्मा गोंधळ टळतो. बाजारातल्या छोट्या ब्लूटूथ रिसीव्हरबद्दलही हेच. त्यातले बरेच दिसायला पेन ड्राइव्हसारखे असतात, पण यूएसबीतून फक्त वीज घेतात. आवाजासाठी ऑक्सचं सॉकेट लागतं. ते आपल्या गाडीत आहे की नाही, हे बघूनच घ्यावेत.

आता ओळखीचं कुणी जुनी गाडी घेतं तेव्हा मी त्यांच्याबरोबर गाडीत बसते. आधी आरसीवर मॉडेलचं पूर्ण नाव, व्हेरिएंटसकट. मग स्टिअरिंग आणि डॅशबोर्ड: फोनच्या रिसीव्हरची खूण, बोलणाऱ्या तोंडाची खूण. मग छताकडे, दिव्याजवळ किंवा आरशाजवळ माईकची बारीक जाळी. बटनं असली म्हणून खात्री धरायची नाही. काही गाड्यांत बटन असतं आणि मागची पेटीच बसवलेली नसते. म्हणून गाडी उभी ठेवून, मेन्यूची प्रत्येक ओळ शेवटपर्यंत वाचायची आणि जोडणी गाडीकडून सुरू करून बघायची. जमली तर एक खरा कॉल लावायचा आणि पलीकडच्याला विचारायचं, आवाज कसा येतोय. नाही जमली तर त्याच व्हेरिएंटचं, त्याच वर्षाचं मॅन्युअल मिळवायचं. जुनी सिस्टीम आणि नवा फोन यांचं जमेलच असंही नाही, तेव्हा दुसरा एखादा फोन लावून बघायचा. हे सगळं झाल्यावर गाडीत खरंच काही नाही असं ठरलं, तर खुशाल बाजारात जावं. आणि नवी सिस्टीम बसवायची तर कपलर टू कपलरच. वायर कापायला हो म्हणू नये, थांबावं लागलं तरी थांबावं.

आणखी एक गोष्ट मला उशिरा सुचली. माझी जोडणी झाल्यावर यादी पाहिली, तर त्यात एक जुना नोकियाही होता. मामेभाऊ सुट्टीत घरी आला असताना त्याने तो कधीतरी जोडला होता. अशा सिस्टीम फोनमधली नावं आणि नंबर स्वतःत उतरवून घेऊ शकतात. गाडी विकताना आपण डिकी रिकामी करतो, देवाची मूर्ती काढून घेतो, पण हे कुणाच्या लक्षात येत नाही. मामेभावाला विचारून मी ते सगळं पुसून टाकलं. विकणाऱ्याने हे स्वतः करावं, आणि राहिलं तर घेणाऱ्याने न वाचता पुसावं.

मोटार वाहन कायद्याच्या 184 व्या कलमात 2019 च्या दुरुस्तीने गाडी चालवताना हातात फोन धरणं धोकादायक वाहन चालवण्यात घातलं गेलं. पहिल्याच वेळी एक हजार ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा कैदही होऊ शकते. पण दंड नसता तरी मी आता फोन हातात धरणार नाही. हँड्स-फ्रीवर बोलतानाही लक्ष विभागलं जातं, म्हणून वाईचा फोन आला की मी एवढंच विचारते, “आत्ता लगेच काही करायचंय का?” नसेल तर पोहोचल्यावर बोलते. असेल तर पहिल्या मोकळ्या जागी गाडी उभी करून परत लावते. तो एक प्रश्न विचारण्यापुरतीच मला ती सोय हवी होती.